पैसे जमा झाले म्हणे. कुणाच्या खात्यात?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सा. न. वि. वि.

परवा आमच्या मालकांच्या मोबाइलवर मेसेज आला, टीबीच्या पोषण आहाराचे पैसे जमा. नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० चे १००० केलेत, आभार. पण पासबुकात दमडी नाही. बँकवाले म्हणाले, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलंय. कधीतरी सिमकार्ड घेताना कुणी अंगठा घेऊन उघडलेलं ते खातं. आता तिथले पैसे काढायलाही अंगठाच लागतो, आणि ऊसतोडीचा कोयता धरून रेषा झिजलेला अंगठा मशिनवर उठत नाही. मशिनवाला पोरगा म्हणतो, "काका, हात धुऊन या." धुतले, तेल चोळलं, लिंबू चोळलं. मशिन नाहीच म्हणतं.

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हे खोकायला लागले तशी मी अर्धा कोयता झाले. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र पुरी फेडायची.

संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० मिळू शकतात, हे दवाखान्यानं नाही, आशाताईनं सांगितलं. अट काय, तर घराचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. म्हणजे सगळ्या घराला दिवसाचे ५७ रुपये! ही अट घालणाऱ्या साहेबांनी चार दिवस आमच्यात राहून दाखवावं, चहा मी पाजते. तलाठी म्हणतो एवढं कमी लिहिता येत नाही, तहसीलवाले म्हणतात जास्त लिहिलं तर बसत नाही.

मोठ्या दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, आरोग्यमित्र असतात. तालुक्याला कोण? पेशंटचा कागद हातात घेऊन बँकेशी, तहसीलशी, रेशन दुकानाशी स्वतः बोलेल असा एक पगारी माणूस बसवा. कॉम्प्युटर त्याला द्या, आम्हाला नको. आज हे सगळं आशाताई पदरच्या रिचार्जवर करते.

२०२५ पर्यंत देश टीबीमुक्त करू, असा शब्द दिल्लीत २०१८ ला दिला होता. मुक्त कोण झालं? टीबीच्या पेशंटला दत्तक घेणाऱ्या निक्षय मित्रांचे किराण्याची पिशवी देतानाचे फोटो तेवढे झाले. सहा महिन्यांच्या गोळ्या, त्यात मधेच साखर कारखाना सुरू होतो, आम्ही तोडीला परगावी जातो. सरकारी पोर्टलवर पेशंटची बदली होते, गोळ्या ऊसाच्या फडापर्यंत येत नाहीत. आणि मतदान आलं की मात्र आमच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या दारात गाडी उभी! कोण कोणत्या फडात आहे, हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्यातलाच एखादा दवाखान्यात नेमा की.

एक ऊसतोड कामगार बाई,
ता. धारूर, जि. बीड