बाबा, नोकरी चालू आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

मी मजेत आहे, जेवतोय वेळेवर. ताई म्हणाली मी ड्रम वाजवतो हे कळल्यापासून बाबा गप्प गप्प आहेत, म्हणून आधी तेच. नोकरी सोडलेली नाही. सोमवारी रात्री पबमध्ये ब्लूज जॅम असतो, म्हणजे येईल त्याने मिळून ब्लूज गाणी वाजवायची, तिथे दोन गाणी वाजवतो, बस्स.

आणि पब म्हणजे लगेच दारू नाही. इथे राऊंड नावाचा प्रकार आहे, चौघं गेलो की एकाने जाऊन चौघांचं आणायचं, मग दुसऱ्याने, हिशोब कोणी लिहीत नाही पण कोणी चुकवलं ते सगळ्यांना पाठ असतं, आणि मी नुसता लाईम सोडा पितो तरी माझी पाळी आली की चौघांचे पैसे मीच भरायचे, "माझं मी घेतो" म्हटलं की तोंडं पडतात. त्यापेक्षा आपली चहाच्या बिलावरची ओढाताण बरी.

बाबा, रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स इथलाच, लंडनच्या वेम्बलीत वाढलेला. वडील रेल्वेचा ट्रक चालवायचे. पोराने बँजोची दांडी काढून टाकली आणि उरलेल्या चामड्याचा ड्रम केला! पण हॅरोला आर्ट स्कूल केलं, जाहिरातीत डिझायनरची नोकरी धरली, ब्लूज वाजवायचा तो संध्याकाळी अलेक्सिस कॉर्नरच्या बँडमध्ये. स्टोन्सकडे गेला तो थेट 1963 च्या जानेवारीत, आणि मग 2021 ला जाईपर्यंत तोच बँड. बायकोही एकच, 1964 पासून.

त्याची एक खोड आहे, डाव्या हाताचा ठोका स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, पडताना उजवा हात झांजेवरून उचलून घ्यायचा, म्हणजे तो ठोका एकटाच मोकळा वाजतो. मला जमत नाही, पथकाची सवय, दोन्ही हात चालूच. गेल्या सोमवारी लय पळाली तर गिटारवाल्याने अशी मान वळवून बघितलं की ताशावाले आठवले.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे दीड लाख पाठवलेत, उरलेले दिवाळीपर्यंत. साताऱ्याच्या मुलीशी बोललो. तिने पहिलं हेच विचारलं, घरात वाजवता का? रबरी पॅडवर वाजवतो म्हटलं, हसली. पण इतक्यात याद्या काढायला बसू नका.

गणपतीला जमत नाहीये गं आई, सुट्ट्या संपल्या, कशात संपल्या ते विचारू नकोस. माळ्यावरचा ढोल पथकात द्या, पान सैल पडलं असेल. द्या म्हणजे वाजवायला, कायमचा नको.

आणि बाबा, रविवारी फोन लगेच आईकडे देऊ नका.

तुमचा,
बंड्या