काचवाल्या अण्णांना, एकसष्टीच्या रिकाम्या टाकीबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या महिन्यात कुंद्याचा बॉक्स घेऊन आले, तर तो उघडायच्या आधी तुम्ही विचारलंत, "फिल्टर आवाज करायलाय काय ओ?" म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे माहीत आहे. दुकानातला पोरगा वाचून दाखवील. सावकाश होऊ दे.

बाबांची एकसष्टी बारा दिवसांवर आली तेव्हा मी तुमच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढले. खिडक्यांच्या काचा कापणारे अण्णा ऑर्डरप्रमाणे माशांच्या टाक्याही करतात, एवढंच बेळगावच्या शहापुरात कुणीतरी सांगितलं होतं. मोबाइलमध्ये भावानं पुण्याहून पाठवलेला फोटो होता: सहा फुटी टाकी, निळा दिवा, पांढरी खडी आणि आत एकच दांडगा मासा. ऑस्कर नाहीतर अरोवाना, त्याला दोन्ही चालणार होते. मला वाटलं तुम्ही आधी बजेट विचाराल. तुम्ही विचारलंत, "पाणी कोण उचलणार ओ तुमच्या घरात?"

मी गप्प. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पस्तीस वर्षं मोल्डिंगला उकिडवं बसून काढली, आता बादली उचलायची म्हटली तरी भिंतीला हात लावतात. आईचं वेगळं काही नाही. भाऊ पुण्यात, मी दिवसभर ऑफिसात.

"मग सहा फुटी नको," तुम्ही म्हणालात. "आणि उंच तर नकोच." पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर नाही, उंचीवर ठरतो, म्हणून उंची वाढली की काच जाड घ्यावी लागते, हे तुम्ही मला हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलंत. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; काठोकाठ भरली तर २५५ लिटर, म्हणजे नुसतं पाणीच २५५ किलो. वर काच, वाळू, लोखंडी स्टँड धरा, तीनशेच्या पुढेच. "काच १० एमएमची. आणि तळाला हात पोचला पाहिजे माणसाचा, नाहीतर साफ कोण करणार?" मग मला परत पाठवलंत. बाबा ज्या वेताच्या खुर्चीत बसतात, त्या खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून डोळ्यांपर्यंत किती उंची, ते मोजून आणायला.

ते मोजणं हा वेगळाच तमाशा होता. बाबा पेपर वाचत बसलेले आणि मी मागून आईच्या शिवणाच्या टेपनं मोजतेय. "काय करायलीस गं?" "पडद्याचं माप घेतेय." साडेतीन फूट भरले. त्यावरून तुम्ही स्टँड तीस इंचांचा सांगितलात, म्हणजे बसल्या जागी नजर सरळ पाण्यात पडते. ही गोष्ट मला जन्मात सुचली नसती. मी टाकी खिडकीसमोर ठेवणार होते, तेही तुम्ही मोडीत काढलंत. ऊन लागलं की शेवाळ धरतं. माळ्यावर ठेवायचा माझा बेत ऐकून तर तुम्ही नुसते हसलात. शेवटी खालच्या सोप्यात, शहाबादी फरशीवर, आतल्या भिंतीला लागून जागा ठरली. पायाखाली लेव्हल बघून पत्र्याचे तुकडे, स्टँडवर प्लायवूड, प्लायवूडवर थर्माकोलची शीट. काचेखाली एक खडा जरी राहिला तरी तिथंच तडा जातो म्हणालात.

काच जोडलीत त्या दिवशी दुकानात आंबूस, व्हिनेगरसारखा वास भरला होता. सिलिकॉन वाळतानाचा तो वास मला आता आवडायला लागलाय. सांधे सुकल्यावर तुम्ही टाकी ओट्यावर ठेवून भरलीत आणि खाली चारही बाजूंनी जुने पेपर अंथरलेत, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. तिसऱ्या दिवशी मी न्यायला आले तर तुम्ही मला वाकायला लावलंत. कन्नड पेपरवर, कोपऱ्याजवळ, एक ओला ठिपका. तिळाएवढा. मी म्हटलं, "अण्णा, एवढ्यानं काय होतंय? वरून थोडं सिलिकॉन लावा." तेव्हा पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. पाणी काढलंत, सांधा ब्लेडनं पूर्ण खरवडलात, पुसलात, पुन्हा जोडलात, पुन्हा भरलीत. माझे पाच दिवस गेले. मी घाईवर आले की तुम्ही म्हणायचात, "गडबड माडब्याडरी," घाई करू नका. त्या पाच दिवसांचे पैसे तुम्ही लावले नाहीत, हे मला बिल बघितल्यावर कळलं.

पण खरे आभार याचे नाहीत.

टाकी सुकत असताना मी तुम्हाला सहज सांगितलं की आमच्या घरात मासे लाभत नाहीत. मी चौथीत असताना बाबांनी जत्रेतून काचेचा गोल बाउल आणि दोन गोल्डफिश आणले होते. बाबा स्वच्छतेचे भक्त. रोज संध्याकाळी कामावरून आले की सगळं पाणी ओतून द्यायचे, बाउल साबणानं घासायचे, नळाचं ताजं पाणी भरायचे. आठवड्यात दोन्ही मासे गेले. बाबांनी दुसरी जोडी आणली, तीही गेली. जास्वंदीखाली पुरले आणि म्हणाले, "माझ्या हाताला जीव लाभत नाही." नंतर घरात मांजर आणायची म्हटली, पोपट म्हटला, तरी हेच वाक्य. आम्हाला ते पाठ झालं होतं. मग मी मासेच का देत होते, हे विचाराल तर माझ्याकडे धड उत्तर नाही. रिटायर झाल्यापासून त्या खुर्चीत बसून ते रस्ता बघत बसायचे, ते मला बघवत नव्हतं, एवढंच.

तुम्ही काच पुसता पुसता सगळं समजावलंत. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात, वाळूत घर करतात आणि त्यांना यायला चार-सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन, तो माशाचे कल्लेही जाळतो आणि या जीवाणूंनाही मारतो. "तुमच्या बाबांनी रोज घासून काढलं ओ सगळं. राहणार कुठं ते? हाताचं काय नाही त्यात."

मग माझ्या लक्षात आलं की एकसष्टीला टाकीत मासे नसणार. मी रडकुंडीला आले, खरंच. तुम्ही आत गेलात, तुमच्या स्वतःच्या टाकीच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापलात, काळा, बुळबुळीत, आणि त्याच पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात घालून दिलात. "हा घाला त्यांच्या फिल्टरमध्ये. विरजण आहे म्हणायचं."

एकसष्टीला पाव्हण्यांनी आणलं ते सांगते: चांदीची वाटी, शाल, भिंतीवरचं घड्याळ, आणखी एक शाल. आणि आमच्यातर्फे चार फुटी टाकी, पाण्यानं भरलेली, दोन झाडं, फिल्टर घुमतोय आणि आत काहीच नाही. काका म्हणाले, "पोरांनी बापाला पाणी प्रेझेंट दिलंय!" सगळा सोपा हसला. भावाचं तोंड पडलं. सगळे गेल्यावर मी बाबांना डबा दाखवला आणि तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, बाउलचं, साबणाचं, नळाच्या पाण्याचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी धुऊन मारले?" मी म्हटलं, कुणालाच माहीत नव्हतं ओ तेव्हा. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला, जसा ते फाउंड्रीत वाळूचा घ्यायचे. "ओली माती वास मारते तसा आहे," म्हणाले, आणि स्पंज स्वतःच्या हातानं फिल्टरमध्ये बसवला.

त्या दिवसापासून त्यांना ड्यूटी लागली अण्णा. रोज सकाळी माशांचं चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया होतो आणि जीवाणू उपाशी राहत नाहीत. संध्याकाळी साडेसहाला टेस्ट किट. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब मोजायचे, हलवायचं, ट्यूबलाइटखाली कार्डाशी रंग जुळवायचा. अमोनियाची नळी पिवळी निघाली तर ठीक, हिरवी म्हणजे अजून आहे. आकडे दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर, दुधाच्याच चौकोनात. आई वैतागली, "दूध अर्धा लिटर की नायट्राइट अर्धा?" चोविसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्यांनी मला ऑफिसात फोन केला. बाबा मला ऑफिसात फोन करत नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. भावानं आणलेली पांढरी खडी तुम्ही व्हिनेगरचा थेंब टाकून नापास केलीत. फेस आला, म्हणजे संगमरवर, पाणी जड करत राहणार. ती आता तुळशीभोवती आहे. वाळू बाबांनी धुतली, मुठीत दाबून बघत, जुन्या सवयीनं. फिल्टर तासाला हजार लिटर फिरवणारा घेतला, आणि त्याचा स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा हे त्यांनी दारावर लिहून चिकटवलंय. हीटर एक मोठा न घेता १५० वॉटचे दोन, एक बिघडला तर दुसरा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, डिसेंबरात रात्री पाणी किती गार पडतं ते मी यंदा थर्मामीटरवर बघितलं. पावसात लाइट गेली की बॅटरीचा एअर पंप चालू करायला आई शिकलीय. ऑस्कर एक फुटाचा होतो, अरोवाना त्याहून कितीतरी मोठा, हे ऐकल्यावर भाऊ गप्प बसला. काच साफ करतो म्हणून सकर मासा घेणार होते, तोही फूटभर वाढतो. आणि वाढला की लोक मार्कंडेय नदीत नेऊन सोडतात, ते तर मुळीच करायचं नाही, हे तुम्ही बजावलंत. आता आठ ब्लॅक स्कर्ट टेट्रा आणि चार एंजल आहेत. आधी टेट्रा, तीन आठवड्यांनी एंजल.

आणि तो पाइप. बादली नको म्हणून तुम्ही दिलेला लांब पाइप, मध्ये छोटा व्हॉल्व्ह. रविवारी हीटर बंद करायचा, बाबा खुर्चीत बसूनच पाइप टाकीत सोडतात, पाणी आपोआप उतरून परसात जातं, त्याच जास्वंदीला. पाव टाकी. भरायला ड्रममधलं एक दिवस ठेवलेलं पाणी, छोट्या पंपानं. उचलायचं काहीच नाही. जास्वंद यंदा इतकी फुललीय की शेजारच्या वहिनी देवाला फुलं मागायला येतात.

एकच तक्रार आहे. बाबांनी सोप्यात बांगड्याचं कालवण वाढू द्यायचं बंद केलंय. "त्यांच्यासमोर नको." आम्ही आता स्वयंपाकघरात जेवतो.

आता कामाचं. गेल्या मंगळवारी एंजलच्या जोडीनं हीटरच्या नळीवर अंडी घातली, मोहरीच्या दाण्यांसारखी, ओळीनं. बाबा रात्री अकरापर्यंत बसून होते. सकाळी एकही नाही, त्यांनीच खाऊन टाकली. बाबा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, पहिल्या खेपेला खातात म्हणे. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, "अण्णांना विचार" म्हणतात. तर येत्या रविवारी दुकान बंद असतं तेव्हा या. पाणी बदलायच्या वेळेला आलात तर बरं, साडेदहाला. येताना ओट्यावर कापून ठेवलेला तो काचेचा तुकडा आणा, झाकणाची एक बाजू उघडी राहतेय. आणि त्याचं बिल आणा. ते या वेळी बाबा देणार आहेत, आधीच सांगून ठेवते.

तुमची,
वडगावची ताई