शिडीची साक्ष

ति. आबांना सा. न.,

परवा फोनवर लिंडबर्गच्या पोराच्या अपहरणावरून फ्लेमिंग्टन गावात चाललेल्या खटल्याचं सांगत होते आणि आईने मध्येच फोन घेतला, म्हणून हे पत्र. अपहरण आणि खटला, दोन्ही आमच्याच न्यू जर्सीत झाले.

अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग म्हणजे त्या काळी इथलं दैवतच. १ मार्च १९३२च्या रात्री त्यांचं वीस महिन्यांचं पोर पाळण्यातून पळवलं. खिडकीशी चिठ्ठी, ५०,००० डॉलर द्या म्हणून. एका निवृत्त शिक्षकाने मध्यस्थी करून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या दफनभूमीत रात्री पैसे पोचते केले. पोर मात्र १२ मे रोजी सापडलं, घरापासून काही मैलांवरच्या झाडीत, मेलेलं.

खंडणीत बऱ्याचशा सोन्याच्या हमीच्या नोटा होत्या. त्या सरकारने १९३३ मध्ये परत मागवल्या, त्यामुळे नंतर कुणी खर्चायला काढली की लक्षात यायची. पेट्रोल पंपावरच्या एकाने अशाच नोटेवर गाडीचा नंबर टिपून ठेवला आणि सप्टेंबर १९३४ मध्ये ब्रूनो हाऊप्टमन सापडला. त्याच्या गॅरेजात खंडणीतली १४,००० डॉलरच्या वर रक्कम. म्हणे, मित्राने ठेवायला दिली होती. तो मित्र तोवर वारलेला. आणि आबा, हा हाऊप्टमन धंद्याने सुतार!

आता तुमच्या कामाचं. चोराने घराबाहेर टाकलेली शिडी घरगुती, तीन तुकड्यांची, मोडलेली. आर्थर कोहलर नावाच्या लाकडाच्या जाणकाराने तिची एकेक फळी तपासली. यंत्राच्या पात्यांनी उठवलेल्या खुणांवरून तो साउथ कॅरोलायनातल्या गिरणीपर्यंत आणि तिथून ब्रॉन्क्सच्या वखारीपर्यंत पोचला. शिडीच्या एका उभ्या फळीत खिळ्यांची चार चौकोनी भोकं होती. हाऊप्टमनच्या माळ्यावर एक फळी अर्धवट कापलेली. शिडीची फळी तिथे ठेवली तर तिची भोकं तिथल्या तुळयांवरच्या भोकांवर नेमकी बसली, लाकडाच्या रेषाही जुळल्या. कोर्टात कोहलरने न्यायाधीशांच्या टेबलालाच शेगडा (लाकूड पकडायचा शिकंजा) लावला आणि आरोपीचा रंधा मारून त्याचे ओरखडे शिडीवरच्यांशी जुळतात हे दाखवलं.

शिडी तू केलीस का, असं विचारल्यावर हाऊप्टमन म्हणाला, ‘मी सुतार आहे.’ म्हणजे असली ओबडधोबड वस्तू माझी कशी असेल! तुम्हीही हेच म्हणाला असतात.

मला लाकूड पटतं, पैसेही पटतात. पटत नाही ती आवाजाची ओळख. लिंडबर्गनी दफनभूमीबाहेर गाडीत बसून लांबून एक हाक ऐकली आणि जवळजवळ तीन वर्षांनी शपथेवर सांगितलं, आवाज याचाच. कोर्टाबाहेर जत्रा भरलेली, छोट्या शिड्या आठवण म्हणून विकल्या जात होत्या. अशा गोंगाटात १३ फेब्रुवारी १९३५ला दोषी ठरवला, ३ एप्रिल १९३६ला ट्रेंटनला विजेच्या खुर्चीवर बसवला. तो एकटाच होता का, यावर अजून वाद चालतो.

खरी शिडी वेस्ट ट्रेंटनला राज्य पोलिसांच्या संग्रहालयात आहे. तुम्ही आलात की नेईन. तोवर एवढं कळवा: एकदा काढलेली फळी पुन्हा जागेवर ठेवली, तर चारही भोकं योगायोगाने जुळू शकतात का?

आईला नमस्कार, दादाच्या पोरांना आशीर्वाद.

तुमची,
सुमन