पंतप्रधान बदलला म्हणून निवडणुकीची सक्ती नको

संपादक महोदय,

सभागृहाची मुदत अर्धी उरलेली असताना पंतप्रधान बदलला की ‘या व्यक्तीला आम्ही कधी मतच दिले नव्हते, तेव्हा नव्याने कौल घ्या’ अशी मागणी हमखास पुढे येते. ब्रिटनमध्ये २०१६ ते २०२२ या काळात चार वेळा मुदतीच्या मध्येच पंतप्रधान बदलले आणि ही मागणी वारंवार झाली. तिच्यामागची भावना मला रास्त वाटते, कारण प्रचार एका चेहऱ्यावर करायचा, मते त्या चेहऱ्यावर मागायची आणि पुढे कारभार मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे मतदाराला खटकणारच. तरीही अशा प्रत्येक बदलानंतर निवडणूक कायद्याने सक्तीची करणे घातक ठरेल, असे माझे ठाम मत आहे. या सक्तीचा पहिला लाभ मतदाराला होणार नाही; तो निष्प्रभ ठरलेल्या पंतप्रधानालाच होईल.

पंतप्रधानाला पदावरून दूर करण्याची ताकद दोन निवडणुकांच्या मधल्या काळात प्रामुख्याने त्याच्याच पक्षाच्या खासदारांकडे असते. नेता बदलताच स्वतःची जागाही पणाला लागणार असेल, तर किती खासदार त्याच्याविरुद्ध उभे राहतील? दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० मध्ये, नॉर्वेतील लष्करी अपयशावर ब्रिटिश संसदेत दोन दिवस चर्चा झाली. मतदानात पंतप्रधान चेंबरलेन यांचे सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी तरले, म्हणजे हरले नाहीच. पण स्वपक्षातील अनेकांनी विरोधात मत दिले, कित्येक जण तटस्थ राहिले, आणि एरवी दोनशेच्या वर असणारे मताधिक्य ८१ वर आले. दोनच दिवसांनी चर्चिल पंतप्रधान झाले. तेथील आधीची सार्वत्रिक निवडणूक १९३५ ची होती आणि पुढची थेट १९४५ मध्ये झाली. नेतृत्वबदलाबरोबर निवडणूक बंधनकारक असती, तर त्या सदस्यांचे हात बांधले गेले असते. युद्धासाठी अपवाद ठेवू, असे कोणी म्हणेल. पण मग आर्थिक संकट, महासाथ, पंतप्रधानाचा मृत्यू यांचे काय? नेहरूंचे निधन मे १९६४ मध्ये झाले आणि शास्त्रीजींचे जानेवारी १९६६ मध्ये. मधल्या काळात युद्धही झाले. अशा वेळी देशाला दोनदा निवडणुकीत लोटून काळजीवाहू सरकारच्या भरवशावर ठेवणे कोणाच्या हिताचे होते?

पंतप्रधान थेट जनतेनेच निवडावा, हा उपायही इस्रायलमध्ये करून झाला आहे. १९९६ पासून तेथे पंतप्रधानासाठी वेगळे मत होते. मतदारांनी ते मत मोठ्या पक्षाच्या नेत्याला दिले आणि संसदेसाठीचे मत लहान पक्षांना. परिणामी मोठे पक्ष आक्रसले आणि निवडून आलेल्या पंतप्रधानाला बहुमत जुळवणे अधिकच अवघड झाले. २००१ मध्ये ही पद्धत रद्द करण्यात आली.

मात्र सक्तीची मागणी करणाऱ्यांचा एक मुद्दा खोडून काढता येत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या, तेव्हा नेतेपदासाठी सत्ताधारी हुजूर पक्षाच्या खासदारांनी केलेल्या मतदानाच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७ आणि ट्रस यांना ११३ मते होती. अंतिम निवड पक्षसदस्यांनी केली, आणि तेथे ट्रस ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी जिंकल्या. खडक फोडून वायू काढण्याच्या तंत्राला ते सुरक्षित असल्याचा शास्त्रीय पुरावा मिळेपर्यंत पाठिंबा देणार नाही, असे पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात लिहून दिले होते. ट्रस यांनी काही आठवड्यांतच या तंत्रावरील बंदी उठवली. ज्या वचनांवर बहुमत मिळाले ती अशी बाजूला सारली जात असतील, तर मतदाराने संतापू नये तर काय करावे? पण या प्रकरणातला खरा दोष मला वेगळा दिसतो. पदावर येताना त्यांना लोकप्रतिनिधींच्या सभागृहासमोर विश्वासमत घ्यावेच लागले नाही. शिवाय सुमारे सात आठवड्यांत त्यांना जावे लागले, तेही त्यांच्याच खासदारांमुळे, आणि बंदी सुनक यांनी पुन्हा लागू केली. तो पक्ष तेव्हा जनमत चाचण्यांत फार मागे होता. निवडणुकीची सक्ती असती, तर त्याच खासदारांनी ट्रस यांना शेवटपर्यंत सांभाळून घेतले असते.

म्हणून सक्ती हवी ती विश्वासमताची. नव्या पंतप्रधानाने पंधरा दिवसांच्या आत सभागृहासमोर उभे राहावे, आधीच्या जाहीरनाम्यातील काय पाळणार आणि काय बदलणार हे लेखी मांडावे, त्यावर चर्चा व्हावी आणि मग मतदान घ्यावे. जर्मनी आणि स्पेनमध्ये सरकारच्या प्रमुखाला सभागृहाचे मत आधी मिळवावे लागते. आपल्याकडे १९७९ मध्ये राष्ट्रपतींनी चरणसिंग यांना बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढून घेतल्यावर त्यांनी लोकसभेला सामोरे जाण्याआधीच राजीनामा दिला, सभागृह विसर्जित झाले आणि जानेवारी १९८० मध्ये निवडणूक झाली. बहुमत उभे राहत नाही, तेव्हा जनतेकडे जाणे उचितच आहे. आणि बहुमत असूनही कोणाला कौल घ्यावासा वाटला, तर तेही स्वागतार्हच. जर्मनीत हेल्मुट कोल ऑक्टोबर १९८२ मध्ये सभागृहाच्या मताने चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख झाले होते, तरी मार्च १९८३ मध्ये त्यांनी निवडणूक घडवून आणली. तो निर्णय नेत्याच्या विवेकावर आणि राजकीय धैर्यावर सोडावा.

आपल्यापुरती एक अडचण मात्र गंभीर आहे. जानेवारी १९६६ मध्ये काँग्रेसच्या संसदीय पक्षात नेतेपदासाठी उघड लढत झाली आणि इंदिरा गांधी मोरारजी देसाईंविरुद्ध ३५५ विरुद्ध १६९ मतांनी निवडून आल्या. अशी लढत आता सहसा दिसत नाही. नाव आधी ठरते आणि बैठक ते एकमताने मान्य करते. त्यातच १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मत देणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे विश्वासमत हा केवळ उपचार ठरण्याचा धोका आहे. नव्या पंतप्रधानाच्या पहिल्या विश्वासमतापुरता तरी खासदाराला पक्षादेशातून मोकळे करावे. घोडेबाजाराची भीती मलाही वाटते. परंतु ज्याला सभागृहात एकदाही मोकळेपणाने मत मागता येत नाही, त्याच्या हाती देशाचा कारभार देण्यातला धोका मला अधिक मोठा वाटतो. निवडणुकीच्या सक्तीची मागणी करणाऱ्यांनी आपला जोर या दुरुस्तीसाठी लावावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक