मंत्रीसाहेब, पाण्याचा रंग बघून सही करू नका

मा. पर्यावरण मंत्री यांस,
स.न.वि.वि.

साहेब, कारखान्याचं सांडपाणी विजेने साफ करणाऱ्या प्लांटची फाईल तुमच्यापुढे आली की आधी एवढंच विचारा, रंग गेला ते दिसतंय पण विष गेलं का?

डेमो ठरलेला असतो, काचेच्या भांड्यात लालभडक डायचं पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि दोन इलेक्ट्रोड, करंट सोडला की बुडबुडे येतात आणि बघता बघता पाणी नितळ. पण बऱ्याच डायचा रंग असतो ॲझो बंधामुळे (रेणूतल्या दोन नायट्रोजनना जोडणारा दुवा), तो लगेच तुटतो, बेंझीनच्या कड्या (सहा कार्बनची वलयं) मात्र पाण्यातच राहतात, आणि मिठातल्या क्लोराईडचा ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) क्लोरीन होतो तो त्यांनाच जाऊन चिकटतो. फिनॉल या विषारी सेंद्रिय रसायनाचंही तसंच, काम अर्धवट सोडलं तर बेंझोक्विनोन उरतं, जे फिनॉलपेक्षाही जास्त विषारी.

ही पद्धत मला मनापासून पटते बरं का. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा थर असलेल्या ॲनोडवर पाण्यापासूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल (सेंद्रिय द्रव्यं जाळून टाकणारे कण) तयार होतात आणि जे विष नेहमीच्या प्लांटमधल्या, घाण खाणाऱ्या बॅक्टेरियांना मारतं त्याचाही ते पार कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. फक्त वीज लागते. फिनॉलच्या एकेका रेणूमागे 28 इलेक्ट्रॉन काढायचे असतात, आणि 5 व्होल्टला जराही करंट वाया गेला नाही असं धरलं तरी 1 किलो सीओडीला (पाण्यातली घाण जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) साधारण 17 युनिट. पाणी पातळ असेल तर बराचसा करंट नुसता ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जातो, म्हणून सगळ्या कारखान्यांचं पाणी एकत्र करून मग शेवटी हा प्लांट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. ज्या रिॲक्टरमधून घट्ट विषारी पाणी निघतं तिथेच, दुसऱ्या पाण्यात मिसळायच्या आधी बसवायला लावा, उरलेलं काम बॅक्टेरिया स्वस्तात करतात.

आणि परवानगी देताना सीओडीबरोबर टीओसी (पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन) मागा, क्लोरीन चिकटलेली सेंद्रिय द्रव्यं मागा, खारं पाणी असेल तर क्लोरेट आणि पर्क्लोरेटही (क्लोराईडपासून बनणारी घातक द्रव्यं, हिऱ्याच्या ॲनोडवर हे हमखास होतं), आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात डॅफ्निया (पाण्यातले इवलेसे जीव) जगतात का याची टेस्ट. सॅम्पल कंपनीने आणून दिलेलं नको, तुमच्या माणसांनी चालू प्लांटमधून न सांगता घेतलेलं हवं.

आपली,
सांडपाण्यावर काम करणारी एक केमिस्ट