पंचविसाव्या पानावर सोडलेले पुस्तक

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत मी अमळनेरला ठेवून आलेली कोलंबियाचे लेखक मार्केस यांची 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' ही कादंबरी तुम्ही परत पाठवलीत आणि सोबतच्या चिठ्ठीत "फार संथ आहे, पंचवीस पानांवर सोडली" एवढेच लिहिलेत. मी ती या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. तिच्याबद्दल जे वाटले ते फोनवर नीट सांगता येत नाही, आणि ती वाचता वाचताच मी एक निर्णयही घेऊन टाकला आहे, म्हणून हे पत्र.

कादंबरी संथ आहे, हे मला मान्य आहे. ५१ वर्षे, ९ महिने आणि ४ दिवस फेर्मिना दासा या स्त्रीची वाट पाहणाऱ्या फ्लोरेंतिनो अरिसाची प्रेमकथा, अशी तिची ओळख सगळे करून देतात. मला मात्र त्याचे वाट पाहणे फारसे भावले नाही. उतारवयात, सांभाळण्यासाठी स्वाधीन केलेल्या शाळकरी मुलीशी तो जसा वागतो, त्याबद्दल मला त्याला क्षमा करवत नाही. माझ्या मते या पुस्तकाचा जीव फेर्मिना आणि तिचे पती डॉक्टर उर्बिनो यांच्या पन्नास वर्षांच्या संसारात आहे, आणि तो संसार घाईघाईने सांगितला असता तर त्यातले काहीच हाती लागले नसते.

तुम्ही जिथे थांबलात, तिथून थोड्याच पानांनंतर साबणाचा प्रसंग येतो. न्हाणीघरातला साबण संपलेला असतो. डॉक्टर म्हणतात की, जवळजवळ आठवडाभर आपण साबणाशिवाय आंघोळ करत आहोत. खरे तर तीनच दिवस झालेले असतात, पण चूक कबूल करायची नाही म्हणून फेर्मिना साबण होताच असे ठासून सांगते आणि त्यावरून दोघे चार महिने वेगवेगळे झोपतात. शेवटी एका रात्री डॉक्टर नकळत जुन्या पलंगावर झोपी जातात आणि ती उठवू लागते, तेव्हा ते म्हणतात, "मला इथेच राहू दे. साबण होता." हे वाचून मला आपल्या घरच्या पितळी घंगाळाची आठवण झाली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आई, तुला वांग्याची गोष्ट सांगायलाच हवी. या फेर्मिनाला लहानपणापासून वांग्याचा तिटकारा असतो आणि तिच्या सासरी रोज वांगीच शिजतात. पुढे एका मेजवानीत ती एक पदार्थ आवडीने दोनदा मागून खाते आणि मग कळते की ते वांगेच होते! तू रत्नागिरीहून आलीस तेव्हा कापसाच्या काड्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेले भरीत तू वर्षभर तोंडात घातले नाहीस, असे आजी सांगायची. मला मात्र आठवते ती हिरवी मिरची घालण्याआधी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली तुझी एक मूठ, आणि तिच्यावर तू दाबून बसवलेले शेंगदाणे. तुझ्या हातचे ते भरीत बाबांनी पन्नास हिवाळे खाल्ले आहे.

म्हणूनच आईने पुण्याला दादाकडे आणि बाबांनी नाशिकला माझ्याकडे राहायचे, हा आमचा बेत मी मोडला आहे. तो केवळ खोल्यांच्या हिशेबाने केलेला होता, त्यात प्रेम कमी होते असे कृपा करून समजू नका. दादालाही हे पटले आहे. मी नाशिकला तळमजल्यावरचे मोठे घर भाड्याने घेतले आहे, म्हणजे तुम्हां दोघांना एकत्र राहता येईल. तुमच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, कमोड आहे, कूलरही बसवला आहे, आणि कळण्याच्या भाकरीचे ज्वारी-उडदाचे पीठ मी आधीच दळून ठेवले आहे. अमळनेरचे घर बंद होणार नाही. एप्रिल आणि मे सरले आणि तिथला पारा उतरला की तुम्ही मृगाच्या आत परत जाल.

आणि बाबा, आता रागावू नका. डॉक्टर उर्बिनो ८१ व्या वर्षी पोपट पकडण्यासाठी आंब्याच्या झाडाला लावलेल्या शिडीवर चढतात आणि तिथून पडून मरण पावतात. तुम्ही गेल्या चैत्रात कैऱ्यांसाठी चढलात, तेव्हा घोट्यावरच निभावले. आपली शिडी मी शेजारच्या काकांना सांगून त्यांच्या गोठ्यात ठेवायला लावली आहे. ती मागायला जायचे नाही, ते देणार नाहीत. रक्तदाबाची गोळी सकाळी न्याहारीनंतर घ्यायची, आणि ती घेतली की नाही हे आईने विचारले तर चिडायचे नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही.

पुस्तक पुन्हा पाठवत आहे. बाबा, रोज चारच पाने वाचा आणि दुपारी चहाच्या वेळी ती आईला मराठीतून सांगा. कुठे अडलेच तर तेवढा भाग सोडून द्या. साबणाच्या पानावर मी खूण ठेवली आहे.

तुमची,
छकुली