शिडी, ओल आणि एकास चार

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जवळजवळ ओरडलासच. बाबांनी तो फोटो तुला पाठवायला नको होता. पण आई शिडीवर किती झोकात उभी आहे हे मुलाला दिसावं असं त्यांना वाटलं, त्याला काय करणार! "पासष्टी आली आई, आता हे उद्योग कशाला? माणसं लाव, पैसे मी पाठवतो," असं तू म्हणालास आणि मी "बघू" म्हणून फोन ठेवला. मला फोनवर भांडता येत नाही, तू मध्येच बोलतोस. म्हणून हे पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी शिडीचं बोलू. फोटो मोठा करून पाहा. शिडी भिंतीला चार मीटर उंचीवर टेकली आहे आणि तिचा पाय भिंतीपासून एक मीटरवर आहे. एकास चार. जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन होतो. याहून उभी लावली तर माणूस मागे कलंडतो, याहून पसरली तर पाय सरकतो. पस्तीस वर्षं मुलांना गुणोत्तर शिकवलं, पण गुणोत्तर चुकलं तर हाड मोडतं हे काही फळ्यावर सांगता आलं नाही. वरच्या तीन पायऱ्यांवर मी पाय ठेवत नाही आणि हात पोचत नसेल तर वाकत नाही. उतरते, शिडी सरकवते, पुन्हा चढते.

तरीही मी पडले. हे तुला सांगितलं नव्हतं. शिडीवरून नाही, सपाट अंगणात. स्वतः रंगवलेल्या भिंतीकडे कौतुकाने बघत मागे मागे सरकत होते आणि पाणी घालायच्या नळीच्या वेटोळ्यात पाय अडकला. डावं मनगट मुरगळलं, हाड शाबूत. तीन आठवडे पट्टी होती. त्या काळात तुझे दोन फोन आले आणि दोन्ही वेळा "हात भरलेत, नंतर बोलते" असं मी सांगितलं. तेही अगदीच खोटं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? मला आठवेना. दर दहा वर्षांनी ते पुन्हा घ्यायचं असतं. मातीत आणि गंजक्या खिळ्यांत हात घालणाऱ्याने तर नक्कीच. मी घेतलं, बाबांनाही ओढत नेलं.

त्या दिवसापासून शिडी मागच्या खोपटात आहे. तुझ्या हाती पडला तो फोटो त्याआधीचा. म्हणजे तू ओरडलास तेव्हा निर्णय होऊन गेला होता. हे नोंदवून ठेव, नाहीतर तुला वाटायचं की तुझ्या ओरडण्याने झालं.

आता मुद्दा. आपल्या घरात "निवृत्त झाल्यावर बघू" हे वाक्य किती वेळा बोललं गेलं, तुला आठवत असेल. नोकरी सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात मी वहीत यादी केली. सत्तावीस कामं निघाली. कुरकुरणारं दार, ठिबकणारा नळ, उखडलेली फरशी, माजलेली बाग, आणि मागच्या खोलीची ती भिंत. मग शिक्षिकेच्या सवयीने सोपं आधी, अवघड मागून अशी क्रमवारी लावली. तिथेच चुकलं. घराच्या कामात सोपं-अवघड बघायचं नसतं, पाणी कुठून येतंय ते बघायचं असतं. पाण्याची कामं आधी, मग विजेची, मग गिलावा आणि फरशी, रंग सगळ्यांत शेवटी. मी सुरुवात रंगाने केली, कारण रंगवलेलं लगेच दिसतं.

मागच्या खोलीची भिंत मी दोनदा रंगवली. दुसऱ्यांदा तर ओल येत नाही असं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला महागडा रंग आणला. दोन महिन्यांत पोपडे धरले आणि खाली पांढरी भुकटी. लोणा लागला होता. भिंतीतून पाणी वर चढतं, येताना विटांतले क्षार विरघळवून आणतं, पृष्ठभागावर आलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांच्या वाढत्या स्फटिकांनी रंग सुटतो. वरून घट्ट रंग चोपडला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते.

एका जुन्या गवंड्याने साधी परीक्षा सांगितली. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवायचा. थेंब भिंतीच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतली, खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतली. आमचे भिंतीच्या बाजूला होते. मग तो बाहेर गेला, बागेतल्या वाफ्यासमोर उभा राहिला आणि नुसता हसला.

वाफा मीच केला होता, पंधरा वर्षांपूर्वी. भिंतीला लागून माती छान उंच चढवली होती, दरवर्षी खताची भर घालत होते. जोत्यात ओल अडवायला एक थर घातलेला असतो, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. बाहेरची जमीन त्याच्या निदान १५ सेंटिमीटर खाली हवी. माझी माती त्याच्या वर गेली होती. ओल जमिनीतून विटांत शिरायला जणू मी पायऱ्याच बांधून दिल्या होत्या. घर दुरुस्त करायचं म्हणून मी आत रंग लावत होते आणि बिघाड बाहेर माझ्याच बागेत होता.

मग माती उतरवली. ते मात्र आम्ही दोघांनी केलं, रोज सकाळी तासभर, महिनाभर. घमेली अर्धीच भरायची हा बाबांचा नियम, आणि तो मी पाळला. भिंतीपासून दूर जाणारा उतार दिला, पहिल्या तीन मीटरमध्ये साधारण १५ सेंटिमीटर. आतला खराब गिलावा खालून मीटरभर खरवडून काढला. अशी चढणारी ओल बहुतेक तेवढ्याच उंचीपर्यंत जाते. आणि थांबलो. ओली भिंत वाळायला ढोबळ हिशेबाने दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो. आपली भिंत २३० मिलिमीटर. भागाकार कर. बाबा म्हणाले, "एवढ्या वेळात तर आपला सोन्या झाला होता."

इथे मला तुझ्या म्हणण्याचं उत्तर सापडलं. तू म्हणतोस, वेळ आहे म्हणून आई नाही ते काढत बसते. वेळ आहे हे खरं, पण त्याचा उपयोग तुला वाटतो तो नाही. काम करायला लागणारा वेळ नोकरीत असतानाही सुट्टीच्या दिवशी काढता आला असता. नऊ महिने उघडी, खरवडलेली, कुरूप भिंत बघत काहीच न करता बसायचं, हे तेव्हा जमलं नसतं. पाहुणे यायचे असायचे, सण यायचा असायचा, रंगारी दुसरीकडे जायचा असायचा. भिंतीच्या वेगाने चालायला आत्ताच मोकळीक मिळाली आहे. गुडघे मात्र तेवढे थांबायला तयार नाहीत. आमची सगळी कसरत या दोन वेगांमधली आहे.

बागेतही तेच केलं. पहिलं वर्षभर काही उपटायचं नाही, काही लावायचं नाही, फक्त बघायचं. ऊन कोणत्या महिन्यात कुठे येतं, पाणी कुठे साचतं, वारा कुठून मारतो. कागदावर खुणा करत गेले. बाबांना हे जमलं नाही. ते दर रविवारी नवं रोप घेऊन येत, मी दिसले की पाठीमागे लपवत. त्यांतली निम्मी मेली, पण सावलीची जागा नेमकी कुठे आहे ते त्यामुळेच कळलं, हे मान्य करायला हवं. आता वाफे जमिनीवर नाहीत. साठ-सत्तर सेंटिमीटर उंच बांधून घेतले, भिंतीपासून लांब. रुंदी १२० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाकावं लागत नाही. मधल्या वाटा ९० सेंटिमीटर. "एवढ्या रुंद कशाला?" असं बाबांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांना कळलं.

पालापाचोळ्याचं खत पहिल्या खेपेस इतकं घाणेरडं वासलं की शेजारी विचारायला आले. हिरवं आणि ओलं फार झालं होतं. सुक्या पानांचे दोन-तीन भाग आणि हिरव्याचा एक असं घातलं, वरखाली केलं, की वास जातो. मध्ये हात घातला तर चटका बसतो, ढिगाच्या आत ५५-६० अंश तापमान असतं. बाबा रोज थर्मामीटर खुपसतात, जणू ढिगाऱ्याला ताप आलाय.

फरशीची गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण त्यात माझी गणितात फजिती झाली. तीन-चार-पाचचा त्रिकोण मी किती वर्गांना शिकवला असेन! मागच्या ओट्यावर फरशी घालताना दोरी ताणून, मोजून, एका भिंतीपासून काटकोन आखला. गवंड्याने बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमचा त्रिकोण बरोबर आहे, पण भिंत वाकडी आहे." भिंती कधीच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसतात. तिथून सुरुवात केली तर शेवटच्या कडेला पाचर उरते, एका टोकाला दोन बोटं आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. त्याने मधोमध दोन रेषा मारल्या, फरश्या आधी कोरड्याच मांडून पाहिल्या आणि कापायचे तुकडे दोन्ही कडांना सारखे वाटून दिले. ओळंबा, लेव्हलची नळी आणि दोरी, एवढंच त्याचं सामान. मी त्याच्या हाताखाली तीन दिवस सांधे भरले. शाबासकी मिळाली नाही, पण ओरडाही मिळाला नाही.

काही कामांना मी हात लावत नाही, तू निश्चिंत राहा. वीज नाही. परवानाधारक माणूस आला, गळतीच्या वेळी वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून गेला, त्यावरचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघायचं एवढंच माझं काम. वजन पेलणारी भिंत फोडणं नाही. आणि खोपटावरचे ते जुने सिमेंटचे पत्रे, त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, कापले-भोसकले तर त्याची धूळ फुफ्फुसात जाते. त्यांना मी खिळासुद्धा मारत नाही.

बाथरूमवरून मात्र बाबांशी खरं भांडण झालं. आधाराचे दांडे लावायचे म्हटल्यावर ते म्हणाले, "घराचं रुग्णालय करू नकोस." चार दिवस अबोला. मी काही न बोलता टॉवेलचा दांडा हाताने ओढून दाखवला, तो गिलाव्यासकट हातात आला. घसरणारा माणूस तोच धरतो. आता विटांत पक्के रोवलेले दांडे आहेत, जमिनीपासून ८५ सेंटिमीटरवर. उंबरा काढला, जमिनीला मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला, म्हणजे उंबऱ्याशिवायही पाणी बाहेर येत नाही. दार रुंद करून घेतलं, ९० सेंटिमीटर. दिवे वाढवले, कारण विशीच्या डोळ्यात जेवढा प्रकाश पडद्यापर्यंत पोचतो त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीच्या डोळ्यात पोचतो. वाचताना बाबा चष्म्याला दोष देत होते, खरा दोष बल्बचा होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी दांड्याकडे बघितलंही नाही. परवा आंघोळ करून बाहेर आले तेव्हा दांडा ओला होता. मी काही म्हटलं नाही.

पैशांबद्दल. अंदाजापेक्षा पंधरा टक्के जास्त बाजूला ठेवले होते, तेही पुरले नाहीत, कारण उखडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून यादीतली सहा कामं मी लाल शाईने खोडली. छतावरची खोली, कारंजं, असली सगळी. मुद्दलाला हात लावायचा नाही हे आम्ही ठरवलंय. पगार थांबल्यावर गेलेलं मुद्दल परत येत नाही. तेव्हा तू पैसे पाठवू नकोस, पाठवलेस तर बाबा रोपं आणतील.

भिंतीला पुढच्या महिन्यात नऊ महिने पुरे होतात. प्लॅस्टिकचा तुकडा आठवड्यापूर्वी पुन्हा लावला होता, कोरडा निघाला. अजून एकदा लावणार आहे, मग गिलावा, तो वाळला की अस्तर, मग रंग. रंग ठरलेला नाही. बाबा निळा म्हणतात.

तेव्हा सुट्टी काढून ये. छताची पन्हळ पानांनी तुंबली आहे आणि ती वर्षातून दोनदा साफ केली नाही तर पाणी पुन्हा त्याच भिंतीवर येईल. शिडी खोपटात उजव्या हाताला आहे, जुन्या चादरीखाली. एकास चार लक्षात ठेव. खालून पाय मी धरते.

तुझी,
आई